निकालाचा आनंद आणि धरणाचे पाणी

मे-जूनमध्ये दहावी-बारावीचे निकाल लागतात. आश्रमशाळांतून, वसतिगृहांतून शिकलेली मुले तेव्हा गावी आलेली असतात. पास झाल्यावर पेढे वाटून झाले की मित्रांची टोळी पाण्याकडे वळते. अक्कलकुवा तालुक्यात नर्मदाकाठी वसलेल्या मणिबेलीसारख्या गावात पाणी तर दारातच आहे. म्हणूनच या दिवसांत तिथे अधिक सावध राहायला हवे.

मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडिताची झळ महाराष्ट्रात सर्वांत आधी सोसलेले गाव. आजोबा-पणजोबांना वाहती नर्मदा ठाऊक होती. कुठे उतार, कुठे डोह, हे ते सांगू शकत. आजच्या मुलांसमोर आहे तो जलाशय. 2019 मध्ये तो प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. बुडालेल्या डोंगरउतारामुळे काठापासून चार पावलांवर तळ एकदम खोल जातो. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वरून वाळलेल्या गाळात पाय रुततो, आणि पाण्याखालचे झाडांचे बुंधे दिसत नाहीत. जुन्या नदीचे ज्ञान इथे पुरत नाही.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, हा समज चुकीचा आहे. श्वासासाठी धडपडताना हाक मारायला सवडच नसते; तो बहुधा निमूटपणे खाली जातो. प्राणवायू तुटल्यावर काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. पोटात दारू असेल तर तोल आणि अंदाज दोन्ही जातात. वाचवायला उडी मारणारा मित्रही अनेकदा बुडतो. त्यापेक्षा दोर, बांबू किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. बाहेर काढलेल्याला उलटे टांगू नये, पोट दाबू नये. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीच्या मधोमध जोरात दाबत राहावे आणि दुसऱ्याने 108 ला फोन करावा. मात्र दुर्गम काठावर मदत पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे पहिली काही मिनिटे गावकऱ्यांच्याच हाती असतात.

जानेवारी 2019 मध्ये संक्रांतीच्या दिवशी धडगाव तालुक्यातील भुषा येथे गर्दीने भरलेली बोट नर्मदेत उलटली आणि लहान मुलांसह अनेकांचे जीव गेले. सणाचा उत्साह आणि क्षमतेपेक्षा जास्त माणसे, हाच धोका निकालाच्या दिवशीही असतो.

मुलांना आनंद करू नका म्हणणे हा उपाय नव्हे. बंदी घातली की मुले लपून जातात, आणि लपून गेलेल्यांना वाचवायला कोणी नसते. त्यापेक्षा ग्रामपंचायत आणि शाळेने मिळून निकालाच्या संध्याकाळी गावातच ढोल वाजवावा, जेवण घालावे. पाण्यात उतरायचेच तर उजेडात, ठरलेल्या जागी, पोहणाऱ्या मोठ्या माणसासोबत. बोटीत प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळणे ही शासनाची जबाबदारी आहे. आणि पाण्याकाठच्या शाळेत पोहणे व प्रथमोपचार हे गणिताइतकेच आवश्यक विषय आहेत.

डोंगरातल्या घरातून दहावीपर्यंत पोहोचायला एका मुलाला दहा वर्षे लागतात. ती एका संध्याकाळी पाण्यात जाऊ नयेत.