आधी ऐका, मग स्क्रू फिरवा
डेस्कटॉप घरघरू लागला की अनेक जण थेट नवा घ्यायला निघतात. माझा आग्रह आहे, आधी आवाजाचे ठिकाण शोधा. कॅबिनेटमध्ये आवाज करणारे भाग मोजकेच असतात: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट यांचे पंखे, आणि फिरती हार्ड डिस्क. बाजूच्या पत्र्यावर तळहात दाबा. आवाज थांबला तर बहुधा स्क्रू सैल आहे. नाहीतर संगणक बंद करून, प्लग काढून झाकण उघडा, पात्यांना घासणारी वायर बांधा, पंखा बोटाने धरून ब्रशने धूळ झाडा. तरीही घरघर राहिली, तर फक्त कॅबिनेटच्या पंख्याची पिन काढून, संगणक थोडा वेळ चालवून ऐका. प्रोसेसरचा पंखा मात्र काढू नका. गेम सुरू होताच येणारी तीक्ष्ण शिट्टी बहुधा ग्राफिक्स कार्डावरच्या कॉइलच्या कंपनाची असते. ती त्रासदायक, पण सहसा निरुपद्रवी. मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०, घेणाऱ्या डिस्कची गुणगुण स्वाभाविक आहे. ती टक-टक करू लागली, तर शोध थांबवून आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या. एसएमपीएसचा डबा घरी उघडूच नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार उरू शकतो. ठिकाण कळले की दुरुस्ती अनेकदा एका पंख्यावर भागते. ते न शोधता चालते यंत्र भंगारात काढणे हा पैशाचाच नव्हे, ते घडवायला लागलेल्या धातूंचा आणि श्रमांचाही अपव्यय आहे.