दप्तर सरकारचे, कुलूप कंपनीचे

सार्वजनिक संस्था बड्या तंत्रज्ञान कंपनीशी तीन गाठींनी बांधली जाते. फाइल कोणत्या स्वरूपात साठवली, ती कोणाच्या सर्व्हरवर ठेवली आणि कर्मचाऱ्यांच्या बोटांना कोणती सवय लागली, या त्या तीन गाठी. लायसन्सचे बिल दरवर्षी समोर येते, म्हणून चर्चा त्याचीच होते. गाठी मात्र संस्था बाहेर पडायला निघेपर्यंत जाणवत नाहीत, आणि तोवर त्या सोडवण्याचा खर्च बिलाच्या कितीतरी पट झालेला असतो.

पहिल्या गाठीचा अनुभव मराठीने पुरेपूर घेतला आहे. १९९० च्या दशकात मराठी छपाई आणि कार्यालयीन लेखन संगणकावर आले ते श्री-लिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, किरण अशा फॉन्टच्या आणि सॉफ्टवेअरच्या आधाराने. त्यांनी मराठी संगणकावर आणली, हे उपकार मोठेच. पण अक्षरांची मांडणी प्रत्येकाची निराळी होती. रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि कोणत्या जागी कोणता तुकडा हे ज्याचे त्याला ठाऊक. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची नुसती खिचडी दिसे. प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना सर्वांसाठी एकच क्रमांक ठरवून देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, तरी विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर मंगल हा युनिकोड फॉन्ट टेबलावर येईपर्यंत मधली वर्षे निघून गेली. त्या काळातल्या पुस्तकांच्या, अंकांच्या, अहवालांच्या फाइली आजही कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतात. त्यात रफार सरकतो, जोडाक्षरे फुटतात आणि मुद्रितशोधन पुन्हा पहिल्या पानापासून करावे लागते.

याच्याशेजारी पुण्याचे पेशवे दप्तर ठेवून पाहावे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, तेव्हा पेशवाई बुडून शंभरावर वर्षे लोटली होती. कागदांची भाषा जुनी आणि लिपी मोडी. पण मोडी शिकलेल्या कोणालाही ते वाचता येत होते आणि आजही येतात. मोडीचे वळण कोणाच्या मालकीचे नव्हते, ते वाचण्याचा परवाना कोणाकडून घ्यावा लागत नव्हता. अठराव्या शतकातला कागद वाचता येतो आणि १९९७ ची फाइल उघडत नाही, ही स्थिती राज्यकारभाराच्या दृष्टीने गंभीर आहे. सरकारी नोंद पन्नास-शंभर वर्षांनी लागते, कधी जमिनीच्या वादात, कधी पेन्शनच्या हिशेबात. तेवढी वर्षे एखादी कंपनी किंवा तिचे उत्पादन टिकेल, हे गृहीत धरता येत नाही.

वर्डच्या जुन्या फाइलींची आतली रचना मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तोपर्यंत इतर प्रोग्रॅम ती अंदाजाने वाचत होते. त्याआधीच, २००६ मध्ये, ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट म्हणजे ओडीएफ हे कोणालाही वापरता येईल असे खुले स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक झाले होते. मायक्रोसॉफ्टने आपले ओओएक्सएमएल पुढे आणले आणि २००८ मध्ये त्यालाही मान्यता मिळवली. हजारो पानांच्या या मानकाविरुद्ध मत देणाऱ्या देशांत भारत होता. २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-कारभारासाठी खुल्या मानकांचे धोरणही जाहीर केले. कागदावरची भूमिका स्पष्ट होती. कार्यालयांतून ईमेलला जोडून जाणाऱ्या फाइलींचे शेपूट मात्र पुढेही बहुतेक ठिकाणी डॉक आणि डॉकएक्सच राहिले.

दुसरी गाठ अलीकडची आहे, आणि तिच्याकडे अधिक काळजीने पाहायला हवे. पूर्वी सॉफ्टवेअर विकत घेतले की ते कार्यालयातल्या यंत्रावर राही. कंपनीशी बिनसले तरी जुनी आवृत्ती चालत असे. आता ईमेल, फाइली, बैठका सगळे कंपनीच्या क्लाउडवर असते, म्हणून अटी बदलणे किंवा सेवा थांबवणे हे कंपनीच्या हातचे एका दिवसाचे काम झाले आहे. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण फुकट दिली, तेव्हा जगभरच्या विद्यापीठांनी व्याख्यानांच्या चित्रफितींपासून संशोधनाच्या माहितीपर्यंत सारे तिथे ठेवले. २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की जुलै २०२२ पासून फुकट साठवणीची मर्यादा संपूर्ण संस्थेला मिळून १०० टेराबाइट राहील. मोठ्या विद्यापीठांपुढे दोनच पर्याय उरले: पैसे मोजायचे, नाहीतर साठा निवडून पुसायचा.

अटींमागे कायदा असतो, आणि तो कंपनीच्या देशाचा असतो. अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड कायदा सांगतो की अमेरिकी कंपनीच्या ताब्यातली माहिती कोणत्याही देशातल्या सर्व्हरवर असली, तरी अमेरिकी यंत्रणेने रीतसर आदेश आणला की कंपनीने ती द्यावी. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटच्या चौकशी समितीपुढे मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदेविषयक प्रमुखाला शपथेवर विचारले गेले की फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रान्सच्या संमतीवाचून अमेरिकी सरकारकडे जाणार नाही, याची हमी देता येईल का. हमी देता येत नाही, असे उत्तर आले. असे कधी घडलेले नाही, हेही त्याने सांगितले. पण सरकारी माहितीच्या बाबतीत प्रश्न हमीचाच असतो.

त्याच्या पुढच्याच महिन्यात भारताला याचा प्रत्यक्ष धडा मिळाला. गुजरातमधल्या वाडीनारचा तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीत रशियाच्या रॉसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा आहे. १८ जुलै २०२५ रोजी युरोपीय संघाने कंपनीवर निर्बंध घातले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचे ईमेल आणि त्यात साठलेली कंपनीची स्वतःची माहिती बंद दाराआड गेली. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिना संपायच्या आत सेवा पूर्ववत झाली. निर्बंध युरोपचे, सेवा देणारी कंपनी अमेरिकेची आणि कारखाना भारतीय कायद्याने चालणारा. लायसन्सचे पैसे थकले नव्हते, तरी हे घडले. नायरा खासगी कंपनी आहे. तिच्या जागी एखाद्या राज्याचा आरोग्य विभाग किंवा वीज वितरण कंपनी असती, तर ते काही दिवस कसे गेले असते, याचा विचार प्रत्येक सचिवालयाने करावा असा हा प्रसंग आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या सरकारी वकिलावर अमेरिकेने निर्बंध घातल्यावर त्याचे ईमेल बंद पडल्याच्या बातम्या त्याच वर्षी मे महिन्यात आल्या. न्यायालयाची सेवा थांबवली नव्हती, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले. तरीही पुढे त्या न्यायालयाने जर्मनीत तयार झालेल्या ओपनडेस्क या मुक्त स्रोत संचाकडे वळायचे ठरवले.

मुक्त स्रोत म्हणजे फुकट, हा समज आधी दूर करावा लागतो. ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो, तशी मुभा परवान्यातच लिहिलेली असते, ते मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. या मुभेचे मोल लिबरऑफिसच्या जन्मकथेत दिसते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने स्टारऑफिस हा जर्मन संच विकत घेतला आणि २००० मध्ये त्याचा कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस झाले. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी घेतली आणि नव्या मालकाच्या हेतूंविषयी शंका आली, तेव्हा अनेक प्रोग्रॅमरांनी तोच कोड उचलून लिबरऑफिस या नावाने वेगळी चूल मांडली. वापरणाऱ्यांच्या फाइली जशाच्या तशा उघडत राहिल्या. बंद सॉफ्टवेअरचा मालक बदलला किंवा त्याने उत्पादन बंद केले, तर ग्राहकाला असे काहीच करता येत नाही.

मुभा असली तरी संस्था ती पेलू शकते का, हा पुढचा प्रश्न, आणि त्यावर सर्वाधिक वाद म्युनिकच्या उदाहरणाने झाला. या शहराच्या परिषदेने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स या मुक्त स्रोत प्रणालीवर जाण्याचा निर्णय घेतला. तो थांबवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटले. २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक ‘लिमक्स’ या शहराच्या स्वतःच्या प्रणालीवर आले आणि एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचे शहराने सांगितले. पुढे महापौर बदलले आणि २०१७ मध्ये परिषदेने विंडोजकडे परतण्याचे ठरवले. मुक्त स्रोत सरकारी कामाला चालत नाही याचा पुरावा म्हणून हे उदाहरण आजही पुढे केले जाते. तो निष्कर्ष घाईचा आहे. शहराचे संगणक-काम अनेक विभागांत विखुरलेले होते आणि तक्रार नेमकी कोणी निस्तरायची, हे ठरलेले नव्हते. जर्मनीतली बाकी कार्यालये डॉक फाइलीच पाठवत राहिली, म्हणून एकट्या शहराला रोज दुसऱ्यांच्या स्वरूपाशी झुंजावे लागले. २०२० मध्ये नव्या सत्ताधारी आघाडीने जिथे शक्य तिथे पुन्हा मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे मान्य केले. त्यामुळे म्युनिकची गोष्ट २०१७ वरच थांबवणे बरोबर नाही.

जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने वेगळी वाट धरली. एप्रिल २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस आणायचे ठरवले. हाच बदल त्यांनी आधी केला आणि विंडोज काढण्याचे काम मागे ठेवले. कर्मचाऱ्याचा पडदा ओळखीचा राहिला, फाइल मात्र खुल्या स्वरूपात जाऊ लागली. ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४०,००० हून अधिक ईमेल खाती आउटलुक आणि एक्स्चेंज सोडून थंडरबर्ड आणि ओपन-एक्स्चेंजवर गेली. हे सोपे नव्हते. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी झाल्या आणि मंत्र्यांना चुका मान्य कराव्या लागल्या. तरी एका शहराऐवजी एक संपूर्ण राज्य, आणि सगळे एकदम बदलण्याऐवजी एकेक थर, ही रीत अधिक शहाणपणाची दिसते.

पैशाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. लायसन्सवर वाचलेला पैसा माणसांवर खर्च करावा लागतो: प्रशिक्षण, देखभाल, सुरक्षा. तो वाचवायला गेले तर काय होते, हे २०१४ मध्ये दिसले. इंटरनेटवरचे बरेचसे सुरक्षित व्यवहार ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होते, त्यात हार्टब्लीड नावाची मोठी फट सापडली, आणि तो कोड मूठभर माणसे तुटपुंज्या पैशांत सांभाळत होती हे जगाला तेव्हा कळले. कोड सर्वांचा असला तरी तो सांभाळणाऱ्याला पगार लागतो. जर्मनीने २०२२ मध्ये यासाठी सरकारी निधी उभारला. लायसन्सवर वाचलेला पैसा इथे स्थानिक अभियंत्यांच्या आणि लहान कंपन्यांच्या हाती जाऊ शकतो, आणि तसे झाले तर ज्ञान संस्थेजवळ साठते. लायसन्सच्या पैशातून असे काही उरत नाही.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. पुण्याच्या सी-डॅकसारखी संस्था आणि तिची बॉस ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली त्याआधीपासून होती. अलीकडे केंद्रीय कर्मचाऱ्यांची सुमारे १२ लाख ईमेल खाती झोहो या भारतीय कंपनीच्या सेवेवर नेण्यात आली. परदेशी कायद्याची टांगती तलवार त्यामुळे दूर होते, हा लाभ खरा आहे. पण झोहोचा कोड बंदच आहे. स्वदेशी आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि देशी कंपनीच्या कुलपाचीही दुसरी किल्ली सरकारजवळ असावी लागते. म्हणून करारात काही गोष्टी लेखी हव्यात: सर्व माहिती खुल्या स्वरूपात परत मिळण्याचा हक्क, त्यासाठीची मुदत आणि शुल्क, आणि वर्षातून एकदा ती प्रत्यक्ष काढून दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहण्याची अट. बॅकअप घेतला आहे, असे कागदावर लिहिणे आणि तो उघडून पाहणे यांतला फरक कोणत्याही कार्यालयातला संगणक सांभाळणारा माणूस सांगू शकेल.

उरली सवयीची गाठ, आणि ती शाळेत आणि क्लासमध्ये बसते. २००१ मध्ये केरळात ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात एमकेसीएल स्थापन झाली, जिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो मुलामुलींना संगणकासमोर बसवले. ती कामगिरी मोठी आहे. पण तिथे संगणक शिकणे म्हणजे विंडोज आणि एमएस ऑफिस शिकणे ठरले, आणि सरकारी नोकरीसाठी ते किंवा त्याच्या तोडीचे प्रमाणपत्र लागत असल्याने कार्यालयात येणारा प्रत्येक नवा लिपिक ती सवय घेऊनच आला. केरळने मात्र काही वर्षांत विंडोजची वाट सोडली. शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवले, पाठ्यपुस्तके लिबरऑफिस, जिंप, जिओजेब्रा यांवर लिहिली गेली, आणि शाळांतले दोन लाखांहून अधिक संगणक लिनक्सवर आले. मल्याळम माध्यमातली मुले आपल्या भाषेतला पडदा पाहत शिकली. यातून सुमारे ३,००० कोटी रुपये वाचल्याचे तिथली सरकारी यंत्रणा सांगते.

महाराष्ट्रात अशा बदलासाठी लागणारे साहित्य आधीच आहे. लिबरऑफिसचे पडदे मराठीत आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजात तयार केले आहेत, ते कोणालाही विनामूल्य पाहता येतात. एमएस-सीआयटीच्या आणि शासकीय संगणक टंकलेखनाच्या परीक्षेत उमेदवाराला वर्ड किंवा लिबरऑफिस यांपैकी काहीही निवडण्याची मुभा द्यायची, आणि उत्तराची फाइल ओडीएफमध्ये घ्यायची, एवढा बदल एका शासन निर्णयाने होऊ शकतो.