स्प्लिट झाला म्हणून जुनी ओळ खोडू नका

"त्यात काय एवढं? संख्येला दहाने गुण, भावाला दहाने भाग, झालं!" स्प्लिटनंतर एक्सेलमधली नोंद कशी बदलायची, यावर ऑफिसात कोणालाही विचारा, हेच उत्तर मिळतं. गणित बरोबर आहे हो. पण जुन्या ओळीवरच नवे आकडे लिहायचे हा शुद्ध गाढवपणा आहे. मीही तो केलाय, म्हणून हक्काने बोलतोय.

टाटा स्टीलचंच घ्या. जुलै २०२२ मध्ये १० रुपये दर्शनी किमतीचा शेअर १ रुपयाचा झाला. बाबांनी २०१२ साली ४०० च्या भावाने घेतलेले २०० शेअर मी शीटमध्ये २००० केले, भाव ४०. पुढे ते विकले. आता ३१ जानेवारी २०१८ पर्यंतच्या खरेदीला त्या दिवशीचा सर्वोच्च भाव बघावा लागतो. तो आणि विक्रीचा भाव यातला कमी घ्यायचा, आणि तो खरेदीभावापेक्षा जास्त असेल तर तीच आपली किंमत. हिशेबाला सोपं म्हणून २०१८ चा भाव ७०० धरा, विक्री १५० ला. शीटमध्ये स्प्लिटची खूणच नाही, त्यामुळे ७०० तसाच बसला. ७०० आणि १५० यात कमी १५०, म्हणजे नफा शून्य! खरं तर ७०० चे ७० व्हायला हवे होते. नफा शेअरमागे ८०, एकूण १,६०,००० रुपये. शीटने एकही एरर दिली नाही. रिटर्न भरायच्या आदल्या रात्री तो शून्य बघून शंका आली म्हणून वाचलो. सही बाबांची जाणार होती.

बोनसची तर आणखी मजा. एचडीएफसी बँकेचे शेअर सप्टेंबर २०१९ मध्ये स्प्लिटने दुप्पट झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये १:१ बोनसने पुन्हा दुप्पट. डीमॅटमध्ये दोन्ही सारखंच दिसतं. पण स्प्लिटमध्ये जुनीच किंमत वाटली जाते आणि तारीख मूळ खरेदीची राहते. बोनस शेअरची किंमत शून्य, तारीख तो मिळाल्याची. गुणाकार-भागाकारवाल्यांच्या शीटमध्ये हा फरक शोधून दाखवा!

प्रॉडक्शनच्या टेबलवर कोणी थेट अपडेट मारला तर आपण त्याला कच्चा खातो. मग घरच्या पैशांना वेगळा न्याय का? खरेदीची ओळ काँट्रॅक्ट नोटशी जुळलीच पाहिजे, दहा वर्षांनीसुद्धा. स्प्लिटची वेगळी ओळ घाला, तारीख आणि प्रमाण लिहा, आजची संख्या फॉर्म्युल्याने काढा. अर्ध्या तासाचं काम.

नंतर बाबांची वही काढून बघितली. २०१२ ची ओळ निळ्या शाईत जशीच्या तशी. खाली लाल शाईत: "जुलै २२, १ चे १०".