मधला मजला

आमच्या सौभाग्यवतींचे माहेर राळेगाव. दिवाळीला तिथे गेलो की फराळाबरोबर माझी एक तरी फजिती ठरलेलीच. 2024 साली ती करंजीपाशी झाली. विधानसभेच्या प्रचाराचे कर्णे गल्लीतून ओरडत होते, म्हणून विषय मीच काढला.

"गावाला ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती, जिल्ह्याला जिल्हा परिषद, वर मुंबई आणि त्याही वर दिल्ली! एका देशाला इतकी सरकारे कशाला? मधली काढून टाका. गोव्यात तालुका पंचायत नाहीच, काही अडले का?"

चुलतसासरे शांतपणे चिवडा खात होते. त्यांची शेती दोन कोसांवरच्या खेड्यात. म्हणाले, "जावईबापू, आमच्या नाल्यावरचा रपटा वाहून गेला. तो दिल्लीले दिसन का मुंबईले?"

मी गप्प. खेड्याचे लहान रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात, हे शहरात जन्म काढलेल्या माणसाला कुठून ठाऊक असणार!

मग काकाजींनी माझी शाळाच घेतली. 1957 साली बळवंतराय मेहता समितीने मुख्य भार तालुक्याच्या पातळीवर टाकायला सुचवले होते. विदर्भात तर तेव्हा तालुकावार जनपद सभा होत्याच. पण याच यवतमाळ जिल्ह्यातले, पुसदचे वसंतराव नाईक 1960 साली महाराष्ट्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले, आणि पारडे जिल्ह्याकडे झुकले. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, जनपद सभा गेल्या. (पंचायत समितीची कचेरी राळेगावात; पण गावाची नगरपंचायत झाल्यापासून राळेगावकरांना तिच्यासाठी मतच नाही. हे ऐकून सौभाग्यवतीही चकित!)

"पण सरकार किती मजली, हे मले सांगू नका," काकाजी म्हणाले. "मजल्यावर माणूस पाह्यजे."

पूर्वी जिल्हा परिषदेचा सभासद बाजाराच्या दिवशी हमखास भेटे. त्याला चहा पाजून दोन शब्द सुनावता येत. 2022 च्या मार्चमध्ये सभासदांची मुदत संपली, निवडणूक लांबली, कारभार प्रशासकांकडे गेला. प्रशासक वाईट असतो असे नाही; पण त्याला मत मागायला पुन्हा गावात यायचे नसते. काकाजींनी रपट्याचा अर्ज एका कचेरीत दिला. कोणत्या, ते सांगत नाही. तिथून तो दुसरीत गेला, दुसरीतून तिसरीत. पोच मात्र प्रत्येक ठिकाणी मिळाली. तिन्ही पोचा त्यांनी पंचांगात जपून ठेवल्या आहेत. इकडे नाला चढला की राळेगावला शाळेत येणारी पोरे घरी बसतात.

म्हणजे मी जे मोठ्या ऐटीत सुचवत होतो, ते इथे अडीच वर्षे चालूच होते!

पाडव्याच्या सकाळी काकाजी मला रपटा दाखवायला घेऊन गेले. चिखलात माझी एक चप्पल रुतली. अलीकडच्या काठावर जीपच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या. तिथवर येऊन प्रचाराची गाडी वळून गेलेली दिसत होती.

"मुंबईवाले येऊन गेले," काकाजी म्हणाले, आणि माझी चप्पल काढायला वाकले.