पांचामुखीं परमेश्वर?

‘पांचामुखीं परमेश्वर’ ही म्हण आपण इतक्या सहजपणें वापरतों कीं, तिच्यांतील विधान खरें कीं खोटें हें तपासून पाहण्याची गरजच आपणांस वाटत नाहीं. पांच माणसें एक बोललीं म्हणजे तेथें ईश्वराचा वास होतो, हें एकदां मान्य केलें कीं सहाव्या माणसाच्या डोळ्यांना दिसणारें सत्य निकालांत निघतें. आमचें म्हणणें असें कीं, पांच मुखांतून जें बोलतें तें पुष्कळदां केवळ भय असतें. आणि या भयाला परमेश्वराचें नांव देण्याचें पाप पंचांइतकेंच भोंवतालीं गप्प उभ्या असलेल्या सुशिक्षितांचेंही आहे.

पिंपरी-चिंचवडचें उदाहरण घ्या. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला. त्यामागून मोटारी, स्कूटर आणि त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने आले, आणि ही रांग पुढें चाकणपर्यंत जाऊन पोंचली. येथील कारागीर हातांतील दांडा जाड कीं बारीक हें चार शेजाऱ्यांना विचारून ठरवीत नाहीं. तो गेज लावून पाहतो. अशा या मोजमापाच्या नगरांत, कंजारभाट समाजांतील कांहीं तरुणांनीं एका जुन्या प्रथेविरुद्ध आवाज उठविला. विवाहाच्या रात्रीं वधूच्या कौमार्याची परीक्षा घ्यावयाची आणि तिचा निकाल पंचांपुढें जाहीर करावयाचा, अशी ती प्रथा. विवेक तमायचीकर हे या तरुणांतील एक अग्रणी. जानेवारी २०१८ मध्यें पिंपरींत एका लग्नप्रसंगीं यांपैकीं तिघांना जमावानें मारहाण केली. मे २०१८ मध्यें तमायचीकरांनीं ती परीक्षा नाकारून विवाह केला. त्याच वर्षीं नवरात्रांत त्यांच्या पत्नी भाटनगरांत दांडिया खेळावयास गेल्या असतां, आपण येतांच खेळ बंद करण्यांत आला, अशी तक्रार त्यांनीं केली, आणि सामाजिक बहिष्काराच्या कायद्याखालीं पोलिसांनीं गुन्हा नोंदविला.

या प्रथेचा आधार कोणता? वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनें अशा परीक्षेस कांहींएक अर्थ नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ मध्यें ती सर्वत्र बंद करण्याचें आवाहनही केलें. तरी ती टिकते, कारण प्रत्येक घर दुसऱ्या घराकडे पाहत असतें. मुलीचा बाप मनांतून कांपत असतो. पण इतर सर्वांस हें मान्य आहे असें समजून तो मान डोलावतो, आणि त्याची डोललेली मान पाहून शेजारचा बापही तेंच समजतो. ज्यास सर्वांची श्रद्धा म्हणावयाचें, ती अशी परस्परांच्या भयाची बेरीज असते.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ सोलोमन अॅश यांनीं १९५१ पासून प्रसिद्ध केलेले प्रयोग येथें आठवतात. कागदावरील तीन रेषांपैकीं कोणती दिलेल्या रेषेएवढी आहे, इतकाच प्रश्न. एकटा असतां माणूस शंभरांत एकदांही क्वचितच चुकतो. परंतु आधींच शिकवून ठेवलेले इतर सोबती एकमुखानें चुकीचें उत्तर देऊं लागले, तेव्हां अशा प्रसंगींचीं सुमारें एकतृतीयांश उत्तरें चुकीचीं निघालीं. चुकीचें बोलणारे तीन-चार झाले कीं दबाव पूर्ण होतो. त्यापुढें संख्या वाढविली तरी तो फारसा वाढत नाहीं. ‘चार लोक काय म्हणतील’ असें म्हणणाऱ्या आमच्या आज्यांनीं हा आंकडा प्रयोगाशिवायच बरोबर पकडला होता! पण याच प्रयोगांतील दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. त्या समूहांत एकच सोबती खरें बोलला, तर चुकांचें प्रमाण चौथ्या हिश्श्याच्या आसपास खालीं आलें. सारें बळ एकमुखीपणांत असतें. एक मुख वेगळें बोललें कीं परमेश्वर उठून जातो.

यावर सुशिक्षितांचें ठरलेलें उत्तर असें कीं, ‘हा त्यांच्या समाजाचा अंतर्गत प्रश्न आहे.’ हें उत्तर जितकें सोयीचें तितकेंच लबाडीचें आहे. इंग्रज सरकारनें १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची रीत पाडली; तिच्या जाळ्यांत हा समाजही सांपडला. तो कायदा १९५२ मध्यें रद्द झाला, परंतु आमच्या नजरेंतील संशय रद्द झाला नाहीं. बाहेर जेथें कोणी जवळ करीत नाहीं, तेथें जातीचा आश्रय हाच एक आश्रय उरतो, आणि तो गमावण्याचें भय शतपट होतें. पंचांच्या हातीं हा आसूड आम्हींच दिला आहे.

शिवाय आमच्या घरचा इतिहास काय सांगतो? १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक, गोखले आदि मंडळी जमली. चहा पुढें आला. कोणी तो घेतला, कोणी नुसता हातीं धरला. नांवें वर्तमानपत्रांत छापलीं गेलीं आणि पुण्यांत ग्रामण्य माजलें. अखेर रानड्यांसारख्या पुरुषानेंही स्नेह्यांच्या अडचणी पाहून प्रायश्चित्त घेतलें. हायकोर्टाच्या न्यायासनापर्यंत ज्याची योग्यता पोंचली, त्यालाही पेलाभर चहाबद्दल मान लववावी लागली. मग भाटनगरांतील वधूपित्यास भित्रा म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? आजही भाडेकरू कोणत्या धर्माचा नसावा हें आमच्या गृहनिर्माण संस्थांच्या सभांत हात वर करून ठरतें, आणि ज्याला तें पटत नाहीं तो आपला हात मांडीवर ठेवून गप्प बसतो!

कोणी म्हणेल, या कामगारनगरींत एकजुटीनेंच माणसाला भाकर मिळवून दिली, आणि तुम्ही एकजुटीलाच दोष देतां. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. एकट्या कामगाराला मालकापुढें उभें राहवत नाहीं, हें खरें. परंतु एकजूट कोणाकडे तोंड करून उभी आहे हें पाहावें लागतें. बलवानापुढें दुबळ्यांनीं धरलेले हात निराळे, आणि आपल्यांतीलच एका मुलीभोंवतीं तिला कोंडण्यासाठीं धरलेले हात निराळे. पहिली एकजूट माणसाला उंच करते. दुसरी त्याची शिकार करते.

कायद्यानें हें सारें मिटेल, अशा समजुतींतही कोणीं राहूं नये. बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्यानें १९४९ मध्यें केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयानें १९६२ मध्यें रद्द ठरविला. पुढें महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें जातपंचायतींविरुद्ध चळवळ चालविली, आणि विधिमंडळानें २०१६ मध्यें नवा कायदा संमत केला. तो जुलै २०१७ पासून अंमलांत आला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यांत आहे. परंतु कायद्याला फिर्यादी लागतो आणि साक्षीदारही लागतो. फिर्यादी पुढें आले आहेत. साक्षीदार कोठें आहेत?

आम्ही वाचकांपाशीं शौर्य मागत नाहीं. पहिला आवाज काढण्याचें धैर्य थोड्यांनाच असतें, आणि त्यासाठीं मार खाणारे तरुण या नगरानें पाहिले आहेत. आम्ही मागतों तो दुसरा आवाज. बहिष्कृताच्या घरच्या कार्यास जा. त्याला भाड्यानें घर हवें असेल तर द्या. सभेंत न पटणारा ठराव आला तर ‘मला मान्य नाहीं’ हे तीन शब्द उच्चारा. आणि जें पाहिलें तें विचारल्यावर न्यायालयांत सांगा. एवढें न करणाऱ्यानें आपण तटस्थ आहों असें म्हणूं नये. पंचांच्या मोजणींत त्याचें मौनही मतच धरलें जातें.