बेणे, माणूस आणि आतड्यातील कोंब



या पानावर नेहमी लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा हेच विषय असतात. आज थोडे वेगळे लिहितो. मी शेतीचा पदविकाधारक, डॉक्टर नव्हे. पण बेण्याशी रोजचा संबंध असल्यामुळे आनुवंशिक गुण कसे उतरतात एवढे समजते. त्या आधारावर एक मत मांडतो.

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर कधी कधी मांसाचे लहान कोंब उगवतात. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणतात. त्यांतले अडिनोमा प्रकारचे काही थोडे कोंब पुढे कॅन्सर बनतात. त्याला बहुधा दहा वर्षे किंवा जास्त लागतात. तोवर दुखत नाही की खुपत नाही.

याबद्दल दोन बोलणी ऐकू येतात. एक, "आमच्या घराण्यात नाही, आम्हाला काय होतंय!" दुसरे, "रक्तातच आहे, मग करायचं काय?" माझ्या मते दोन्ही चूक.

काही मोजक्या घराण्यांत एकच बिघडलेला जनुक सगळे ठरवतो. १९९१ साली सापडलेला एपीसी जनुक बिघडला, तर शेकड्यांनी कोंब येतात आणि उपचार न केल्यास कॅन्सर जवळजवळ ठरलेला. बाकीच्यांचे गणित वेगळे. २००७ साली ब्रिटन, कॅनडा व अमेरिकेतील संशोधकांना आठव्या गुणसूत्रावर एक फरक सापडला. तो बहुसंख्य लोकांत असतो. त्याच्या एका प्रतीने धोका सुमारे एक पंचमांश वाढतो. समजा हजारांत पन्नास जणांना व्हायचे, तिथे साठांना होईल, एवढेच. असे दोनशेच्या आसपास लहान फरक आजवर सापडले आहेत. त्यांतले काही कोंबांचीही शक्यता वाढवतात.

म्हणजे थोडा थोडा धोका पुष्कळांच्या अंगात आहे. पण बेणे हे निम्मेच काम. को ८६०३२ चोपण रानात लावला आणि कसदार रानात लावला, तर टनेज सारखे पडेल का? बिडी, दारू, सुटलेले पोट, ताटातून गेलेली भाजी-भाकरी, ही आपली जमीन. ती सुधारणे आपल्या हाती आहे.

जनुक तपासून भविष्य सांगणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालू नयेत. हे अभ्यास मुख्यतः युरोपीय व पूर्व आशियाई लोकांवर झाले. ते आपल्याला तंतोतंत लागू धरता येत नाहीत. त्यापेक्षा घरात विचारा. आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला हा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट असतो. अशांनी चाळिशीत, किंवा त्या नातेवाइकाच्या आजाराच्या वयाआधी दहा वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा डॉक्टरांना भेटावे. आणि शौचावाटे रक्त गेले तर "मूळव्याधच असेल" म्हणून अंगावर काढू नये. लाजण्यासारखे त्यात काही नाही.

काणीचे बेट दिसले की आपण उपटून जाळतो, रानभर पसरायची वाट पाहत नाही. आतड्यातला कोंबही दुर्बिणीच्या तपासणीत दिसला की बहुधा त्याच वेळी काढता येतो. अमेरिकेतील २०१२ च्या अहवालात असे कोंब काढलेल्यांत या कॅन्सरचे मृत्यू अपेक्षेपेक्षा निम्म्याहून कमी आढळले.

आपल्या देशात हा रोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. त्यामुळे सरसकट सर्वांना दुर्बीण लावा, असे माझे म्हणणे नाही. पण सरकारी तपासणीत तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचा कॅन्सर येतो, आतड्याचा नाही. म्हणून आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर पाहताना दोनच प्रश्न विचारावेत : घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर किंवा कोंब होते का? शौचावाटे रक्त जाते का? "हो" म्हणणाऱ्याला चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे पाठवावे. यात खर्च जवळजवळ नाही. संचालक मंडळाने याचा विचार करावा, आणि सभासदांनी शिबिराची वाट न पाहता आजच घरी विचारपूस करावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी