पाळत आमच्यावर, जाब मात्र कुणालाच नाही!

१ मे १९१६ रोजी लोकमान्यांनी बेळगावात स्वराज्यावर भाषण केले, तेव्हा गर्दीत बसून सरकारचे लघुलेखक त्यांचे शब्द टिपत होते. बेळगाव आणि नगरच्या भाषणांच्या त्या टिपणांवरून टिळकांकडे वीस हजारांचा जातमुचलका मागण्यात आला. मुंबई हायकोर्टाने तो आदेश रद्द केला.

शंभर वर्षे उलटून गेली. आमच्या मेळाव्यात शेवटच्या रांगेत साध्या वेशातला माणूस आजही वही उघडून बसतो. त्याच्यावर आमचा राग नाही, तो नोकरी करतो. आमचा सवाल त्याला पाठवणाऱ्या व्यवस्थेला आहे.

१८८७ साली इंग्रजांनी गुप्तवार्तेची जी शाखा काढली, तिचाच वारसा आजचा इंटेलिजन्स ब्युरो चालवतो. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत उणिवा दिसल्या, म्हणून १९६८ मध्ये 'रॉ' आली. १९९९ ला कारगिल झाले, सुब्रह्मण्यम समिती बसली, पुढे तांत्रिक टेहळणीसाठी 'एनटीआरओ' आली. २००८ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी मुंबईत १६६ बळी घेतले. सागरी हल्ल्याचे इशारे आधीच आले होते, पण ते जोडून पाहणारा कोणी नव्हता! त्यानंतर तपासासाठी 'एनआयए' आली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले गेले. दर वेळी तीच तऱ्हा. आधी माणसे मरतात, मग समिती बसते, मग नवी पाटी लागते. चूक कुणाची, हे संसदेपुढे कधीच येत नाही.

हेरखाते नको, असे आम्ही म्हणत नाही. १९७१ मध्ये रामनाथ काव यांच्या 'रॉ'ने बजावलेली कामगिरी देश जाणतो. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. खबर चुकली की रक्त कुणाचे सांडते, हे आम्हाला कुणी शिकवू नये.

पण ब्युरो आणि 'रॉ' यांच्या मागे संसदेने केलेला स्वतंत्र कायदा आजही नाही. माहिती अधिकारातूनही भ्रष्टाचार व मानवी हक्कांचे प्रश्न वगळता त्यांना सूट आहे. २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानेही सरकारला हव्या त्या यंत्रणेला मोकळीक देण्याची मुभा ठेवली. उद्या वहीची जागा संगणक घेईल. फोन, बँक, प्रवास, सगळे एका जागी! मग कुणावर नजर ठेवायची, हे ठरवणार कोण?

'गुप्त काम उघड कसे करायचे?' असे विचारणाऱ्यांनी ब्रिटनकडे पाहावे. ज्यांनी आपल्याला हे खाते दिले, त्यांनीच १९८९ आणि १९९४ मध्ये आपल्या हेरखात्यांना कायद्यात बसवले आणि खासदारांची समिती नेमली. ती समिती बहुतेक काम बंद दाराआडच करते. त्यांची हेरखाती काही बुडाली नाहीत. आपल्याकडे मनीष तिवारींनी २०११ मध्ये असेच खासगी विधेयक मांडले, त्याचा कायदा झालाच नाही.

आमची मागणी साधी आहे. हेरखात्यांना कायदा द्या, आणि त्यांचा हिशेब घेणारी सर्वपक्षीय संसदीय समिती नेमा. येत्या निवडणुकीत मते मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे विचारा. उत्तर वहीत टिपून ठेवा. या वेळी वही आपल्या हातात असू द्या!